सूज ओळखणारे हात

१९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला गेले. स्थानिक स्वयंसेवकांना त्यांनी एक प्रश्नावली शिकवली आणि घरोघर पाठवलं. सांधे दुखतात का, पाठ-मान धरते का, कधीपासून, कोणतं काम अडतं? ज्यांनी 'हो' म्हटलं त्यांना मग डॉक्टरांनी तपासलं. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमाचा हा भाग होता. चार हजारांवर प्रौढांची पाहणी झाली. सुमारे १८ टक्के लोकांना हाडं, स्नायू किंवा सांध्यांचं दुखणं निघालं आणि जवळपास अर्ध्या टक्क्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडचा आमवात.

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. तो पुणे जिल्ह्यातल्याच जुन्नर आणि आंबेगावला लावून बघू. २०११ च्या जनगणनेत या दोन तालुक्यांत मिळून सहा लाखांहून जास्त लोक होते. त्यांत प्रौढ चार लाख धरले, तरी भिगवणच्या हिशेबाने आमवाताचे रुग्ण दोन हजार होतात. त्यांत बायका पुरुषांच्या दुपटी-तिपटीने, आणि आजार बहुधा ऐन कर्त्या वयात सुरू होणारा. म्हणजे पश्चिमेकडे भाताची आवणी करणाऱ्या, बाळहिरडा गोळा करणाऱ्या आणि पूर्वेकडे टोमॅटो तोडणाऱ्या, कांदा काटणाऱ्या बायका. ज्यांचं पोट हातावर आहे, त्यांचेच हात हा आजार आधी धरतो.

यातल्या किती जणींना पहिल्या सहा महिन्यांत योग्य औषध मिळतं? आमवातात सगळा खेळ त्या सुरुवातीच्या काळाचा असतो. शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते, अस्तर सुजतं आणि हळूहळू कूर्चा व हाड खात जातं. खाल्लेलं हाड परत येत नाही. वेळेवर औषध सुरू झालं तर बहुतेकांचा आजार काबूत राहतो, बोटं वाकडी होत नाहीत, माणूस कामावर टिकतो. तज्ज्ञ मात्र पुण्यात. नारायणगावहून पुणं सुमारे ७५ किलोमीटर. आहुपे किंवा भीमाशंकरच्या अंगाच्या वाडीतून निघालेल्या बाईचा अख्खा दिवस, मजुरी आणि सोबतच्या माणसाचीही मजुरी जाते. ती आधी कुठे जाणार? घोडेगाव, मंचर, ओतूर, आळेफाटा इथल्या जवळच्या डॉक्टरकडे. तो डॉक्टर काय ओळखतो, यावर तिच्या पुढच्या तीस वर्षांचं काय होणार हे ठरतं.

तिथे बहुतेक वेळा काय घडतं, ते ग्रामीण भागातल्या कुणालाही ठाऊक आहे. डायक्लो या वेदनाशामकाची गोळी आणि डेक्सा या स्टेरॉइडची सुई. दोन दिवसांत सूज उतरते, बाई पुन्हा खुरपं धरते, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे असं गाव म्हणतं. आठ दिवसांनी सूज परत, सुई परत. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. मूळ औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर थोड्या मात्रेत, थोडे दिवस ते तज्ज्ञही देतात. पण निदानाशिवाय वर्षानुवर्षं दिलेली सुई आग झाकते आणि खाली हाड जळत राहतं. वर चेहरा गरगरीत होतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात.

दुसरी सवय रक्ततपासणीची. सांधे दुखतात म्हटलं की आरए फॅक्टर, एएसओ, सीआरपी, युरिक ॲसिड असा जुडगाच लिहून दिला जातो, हात न तपासता. आरए फॅक्टर आमवाताच्या साधारण पाचांतल्या एका रुग्णात सापडतच नाही. उलट क्षयरोगात, कुष्ठरोगात, कधी निव्वळ म्हातारपणातही तो सापडतो. एएसओ फक्त एवढंच सांगतो की घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग होऊन गेला. ताप आणि सांधेदुखी असलेल्या शाळकरी मुलात त्याला मोल आहे, कारण तिथे हृदयाच्या झडपा वाचवायच्या असतात. चाळिशीतल्या बाईची बोटं सुजली असताना एएसओ वाढलेला दिसला म्हणून महिनोन्‌महिने पेनिसिलिन टोचणं, यात तिचे पैसे जातात आणि मोलाचा काळही.

म्हणून गावातल्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची सुरुवात हातापासून व्हायला हवी. डॉक्टरने रुग्णाचा पंजा आपल्या हातात घ्यावा आणि बोटांच्या मुळाशी असलेली सांध्यांची रांग दोन्ही बाजूंनी हलकेच दाबावी. हस्तांदोलनात दाबली जाते तेवढीच. आमवात असेल तर रुग्ण बहुधा हात मागे खेचतो. मग एकेक सांधा अंगठ्याने चाचपावा. आमवाताची सूज मऊ, फुगलेली लागते, खाली द्रव आणि जाडावलेलं अस्तर जाणवतं. वयानुसार झिजलेल्या सांध्याची गाठ टणक, हाडाची असते आणि ती बहुधा बोटाच्या टोकाकडच्या पेरावर येते. हा फरक पुस्तकातल्या चित्रात कळत नाही. वीस-पंचवीस रुग्णांचे हात जाणकाराच्या देखरेखीखाली चाचपले की बोटांना तो कळायला लागतो. पुढचे प्रश्न साधे आहेत. सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले राहतात? अर्ध्या तासाहून जास्त का? भाकरी थापता येते? बांगडी चढते? दोन्ही हात सारखेच धरलेत का? सूज सहा आठवड्यांच्या वर टिकली आहे का?

सहा आठवड्यांचा प्रश्न आपल्याकडे खास महत्त्वाचा, कारण चिकुनगुनिया. २००६ च्या साथीत महाराष्ट्राने पाहिलं की ताप जातो आणि सांधे महिनोन्‌महिने धरून राहतात. २०२४ मध्ये पुण्याने ते पुन्हा पाहिलं. त्यातले बहुतेक रुग्ण सावकाश बरे होतात, काहींचा आजार मात्र आमवातासारखाच रेंगाळतो. इथे घाई करून जन्माचं औषध लावायचं नसतं आणि 'तापाचं दुखणं आहे' म्हणत वर्षही घालवायचं नसतं.

तरुण मुलाच्या कंबरदुखीचंही तसंच. पहाटे दुखण्याने जाग येते, पडून राहिलं की वाढतं, कामाला लागलं की सैल होतं, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय: ही 'नस दबली'ची कहाणी नाही, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसची आहे. जगभर या आजाराचं निदान व्हायला वर्षं लागतात. तोवर पोराचा कणा बांबूसारखा ताठ होऊ लागलेला असतो. ल्युपस या प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या आजारात तर साधी लघवीची तपासणी मूत्रपिंड वाचवू शकते, पण ती करायचं सुचायला हवं.

मग औषध. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं मुख्य औषध, आणि ते स्वस्त आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर रक्तपेशी कोसळतात, तोंड सोलवटतं, माणूस दगावतोसुद्धा. अशा चुका जगभर झाल्या आहेत. म्हणून चिठ्ठीवर वार मराठीत, ठळक लिहिला पाहिजे. मला वाटतं, गावाच्या बाजाराचा वार हा यासाठी सगळ्यांत पक्का. तो कुणी विसरत नाही. फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी. दर एक ते तीन महिन्यांनी रक्तपेशी आणि यकृताची तपासणी. मूल हवं असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर हे औषध चालत नाही, हे बाईला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगायला हवं. यातलं काहीही तालुक्याच्या डॉक्टरच्या आवाक्याबाहेरचं नाही.

डॉक्टर कोणते, यावर दरवेळी वाद होतो. खेड्यांतले बहुतेक खाजगी डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस आहेत. उपकेंद्रांवरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांतही बीएएमएस पुष्कळ. त्यांना बाहेर ठेवून केलेलं प्रशिक्षण कागदावर देखणं दिसेल, पण बाईपर्यंत पोचणार नाही. माधवकरांच्या 'माधवनिदाना'त आमवातावर स्वतंत्र प्रकरण आहे, हजार वर्षांहून जुनं. ते शिकलेल्या वैद्याला सांध्याचं निरीक्षण परकं नाही. त्याला नवं शिकायचंय ते हे की रुग्ण कधी पुढे पाठवायचा आणि पुढून आलेल्या औषधावर लक्ष कसं ठेवायचं. सुई थांबवायचीही त्यालाच.

पद्धतही बदलायला हवी. हॉटेलात रविवारी भाषणं आणि जेवण, याने कुणाचे हात शिकत नाहीत. ब्रिटनमध्ये १९९२ साली 'गॅल्स' नावाची छोटी तपासणी मांडली गेली. तीन प्रश्न, आणि चाल, हात, पाय, कणा यांवरून झटपट नजर. दुखतं किंवा आखडतं का, कपडे स्वतः घालता येतात का, जिना चढता-उतरता येतो का? हे प्रश्न आशाताईही विचारू शकते. अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये 'एको' सुरू केलं. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराचे तज्ज्ञ आणि दूरवरचे डॉक्टर दर आठवड्याला पडद्यावर भेटत, आपापले रुग्ण मांडत. २०११ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात गावातल्या डॉक्टरांचे रुग्ण विद्यापीठातल्या रुग्णांइतकेच बरे झाले होते.

लांब कशाला, नारायणगावातच बघा. डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाचे उपचार तिथेच, तालुक्यात उभे केले, गावोगाव जागृती केली, इतर डॉक्टरांनाही शिकवलं. सर्पदंशात मिनिटं मोजावी लागतात, आमवातात महिने. जे मिनिटांच्या हिशेबात जमलं, ते महिन्यांच्या हिशेबात का जमू नये?

माझी मागणी मोजकी आहे. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातला एक ठरलेला दिवस सांध्यांचा असावा. पुण्याचा संधिवाततज्ज्ञ त्या दिवशी यावा, दोन्ही तालुक्यांतल्या डॉक्टरांनी आपापले रुग्ण घेऊन यावं आणि तिथेच हात चाचपत शिकावं. मधल्या आठवड्यांत पडद्यावर शंका विचाराव्यात. मेथोट्रेक्सेट आणि आमवाताचं दुसरं औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सरकारी खिडकीवर अखंड मिळावं, कारण औषधच नसेल तर शिकलेला डॉक्टरही आठवड्यात पुन्हा सुईकडे वळेल. ओपीडीत साठ-सत्तर रुग्ण असताना हात कधी तपासायचे, असं डॉक्टर म्हणतील, आणि त्यांचं चुकत नाही. पण बोटांची मुळं दाबायला एक मिनिट पुरतं, आणि वेळेत ओळखलेली बाई दर आठ दिवसांनी सुईसाठी रांगेत येत नाही. यश मोजायचं तर किती डॉक्टरांना प्रमाणपत्रं वाटली हे मोजू नये. पहिली सूज आल्यापासून योग्य औषध सुरू होईपर्यंत किती महिने गेले, हे दरवर्षी मोजावं.

आणि वाचकहो, तुमच्या घरात कुणाची बोटं दीड महिन्याहून जास्त सुजलेली असतील, सकाळी हात अर्धा तास उघडत नसतील, तर पुढच्या सुईआधी डॉक्टरांना एवढंच म्हणा: डॉक्टर, एकदा हात नीट चाचपून बघा.