आधी सावलीत

पारनेर तालुक्यातल्या एका वाडीवर एक शेतकरी राहत होता. त्याच्याकडे एक तांबडी घोडी होती. २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, तेव्हापासून घाटात बैलांपुढे ही घोडी धरली जाई. तिच्यावर बसायचा शेजारचा एक पोरगा.

यात्रा तोंडावर आली आणि घोडी लंगडू लागली. चौघांनी चार पाय सांगितले. शेतकरी पोरावर उखडला. "तूच नको तेवढी पळवलीस."

"नाही दादा," एवढंच पोरगा म्हणाला. त्या दिवसापासून घोडीजवळ फिरकायची त्याला बंदी झाली.

मग तरुण पशुवैद्य आले. त्यांच्याकडे अंगातून निघणारी उष्णता टिपणारा कॅमेरा होता. घोडी उन्हात बांधलेली होती. पडद्यावर तिची उजवी बाजू पेटल्यासारखी लालभडक दिसली.

"बघा, उजवाच पाय!" शेतकरी म्हणाला. "त्या पोरानंच घालवला."

"हे ऊन दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "तिला आधी सावलीत घ्या."

घोडी लिंबाखाली आली. पायांच्या पट्ट्या सोडल्या, धूळ झटकली आणि सगळे थांबले. शेतकऱ्याला थांबणं जड जात होतं. त्याचे म्हातारे वडील मात्र निवांत बोलू लागले. "आम्ही पायांना ओली माती लिंपायचो. जिथं आधी वाळेल तिथं दुखणं."

"ग्रीसचा हिप्पोक्रेटिसही असंच करायचा म्हणतात," डॉक्टर हसले. "पण आबा, आधी माझा फोटो होऊ द्या. ओल्या मातीनं कातडी गार झाली की माझा कॅमेरा फसेल."

बऱ्याच वेळाने त्यांनी पुन्हा कॅमेरा धरला. उजवी बाजू निवली होती. चारांपैकी एकच खूर तापलेला होता, डावा पुढचा. जोडीच्या खुरापेक्षा तो एका अंशाहून अधिक गरम होता. मग आबांनी हौसेने दोन्ही पुढच्या पायांना माती लिंपली. डावीकडची आधी वाळली.

"कुठं तापलंय ते कळलं," डॉक्टर म्हणाले. "का तापलंय, ते कॅमेरा सांगत नाही."

त्यांनी चिमट्याने खूर दाबत नेला. एका खिळ्यापाशी घोडीने पाय झटकला. नाल काढली. तो खिळा जिवंत भागाला खेटून गेला होता. डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.

शेतकरी गप्प झाला. नाल ठोकताना घोडी उभी राहत नव्हती. नालबंद म्हणाला होता, उद्या करू. यानेच हट्ट धरला होता, आजच ठोक.

उन्हाने तापलेलं सावलीत निवतं, आतलं दुखणं तेवढं उरतं. माणसाच्या रागाला आणि संशयालाही अशी सावली लागते. भर उन्हात बोट दाखवलं, तर ते बहुधा भलतीकडेच जातं.

त्या यात्रेला घोडी गेली नाही. संध्याकाळी शेतकरी पोराच्या घरी गेला.

"खिळा लागला होता," तो म्हणाला. "उद्यापासून ये."

"डाव्या पुढच्याला ना?" पोराने विचारलं. "उतारावर ती तो पाय चोरायची."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"सांगायलाच आलो होतो, दादा."