सर, माझी आजी महत्त्वाची नाही का?

शास्त्रपाठ : मार्क १०:३५-५२



आमच्या तुकोगंजातल्या शब्बाथशाळेत पाच ते सात वर्षांच्या मुलांचा वर्ग माझ्याकडे आहे. एका रविवारी मी विचारले, "महत्त्वाचे माणूस कोण?" कलेक्टर, डॉक्टर अशी उत्तरे आली. लता मंगेशकर आणि राहुल द्रविड ह्यांचा जन्म इंदूरचा, हे इथल्या मुलांना घरीच सांगितलेले असते. तीही नावे आली. मी ह्याचीच वाट पाहत होतो. म्हटले, "आणि रोज सकाळी कचऱ्याची गाडी घेऊन येणारे भाऊ?" २०१७ साली आपले शहर स्वच्छतेत देशात पहिले आले व पुढेही वर्षानुवर्षे येत राहिले, ते कोणाच्या श्रमांमुळे, हे समजावून दिले. ते चार दिवस आले नाहीत तर काय होईल? मुलांनी नाके दाबली. धडा छान झाला असे मला वाटले.

तेवढ्यात एक चिमुरडी उभी राहिली. "सर, माझी आजी तर खाटेवरून उठतसुद्धा नाही. ती काहीच काम करत नाही. मग ती महत्त्वाची नाही का?"

मी घाईने "आहे, आहे" म्हणालो आणि समाप्तीची प्रार्थना केली. पण माझी चूक मला उमगली होती. मी मान खुर्चीवरून काढून झाडूला दिला खरा, पण माप तेच ठेवले : जो उपयोगी पडतो तो मोठा. त्या लेकराने ते माप प्रामाणिकपणे घरी लावून पाहिले होते.

त्या रात्री मार्काचा दहावा अध्याय काढला. जब्दीचे मुलगे प्रभूजवळ मानाच्या जागा मागतात, तेव्हा मी तुमच्यासाठी काय करू, असे तो त्यांना विचारतो. पुढे यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडतो. लोक त्याला दटावतात. गुरुजींना यरुशलेमेस जायचे आहे, ह्या भिकाऱ्यासाठी कोण खोळंबणार! प्रभू थांबतो आणि त्यालाही तोच प्रश्न विचारतो. पदविकेसाठी हा अध्याय मी किती वेळा घोकला असेन, पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे हे कधी ध्यानात आले नव्हते. बार्तीमयाने तोवर कोणाच्या उपयोगाचे काय केले होते?

पंडिता रमाबाईंना हे कळले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या. केडगावच्या मुक्तीमध्ये आंधळ्यांच्या घराला बार्तीमयाचेच नाव दिले, आणि म्हाताऱ्या, दुबळ्या बायांसाठी प्रीती सदन काढले.

शिक्षक बंधुभगिनींनो, लहान मुलांना व्याख्या समजत नाही. आपण कोणासाठी थांबतो आणि कोणाला टाळून पुढे जातो, हे मात्र ती बरोबर पाहतात. त्या आजींचे नाव दर रविवारी आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत वाचले जात होते. मी आठ महिन्यांत त्या घराची पायरी चढलो नव्हतो.

पुढच्या रविवारी बार्तीमयाची गोष्ट सांगितली आणि वर्ग लवकर आटोपून, पालकांना विचारून, सगळी मुले त्यांच्याकडे नेली. आजींनी कोणाला ओळखले नाही. मुले खाटेभोवती गलका करू लागली. नातीने आजींच्या डोक्याखालची उशी सारखी केली आणि तोंडावर बोट ठेवून आम्हां सर्वांना दटावले, "एकेक जण बोला ना. आजी ऐकते आहे."