पर्वत, धूर आणि अनुमान

न्यायदर्शनात अनुमान शिकवताना पिढ्यान्‌पिढ्या एकच उदाहरण दिले जाते. समोरच्या पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी असला पाहिजे. आधाराला स्वयंपाकघराचा दृष्टान्त असतो, कारण धूर आणि अग्नी एकत्र असलेले तिथे रोज पाहिलेले असतात. वायुप्रदूषण कसे पसरते याचे गणित करणाऱ्या संगणकीय प्रतिमानांतही हेच तीन घटक आहेत: अग्नी, धूर आणि पर्वत. दिशा मात्र उलटी आहे. इथे अग्नी ठाऊक असतो: धुराड्याची उंची, बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान आणि वेग, तासाला किती सल्फर डायऑक्साइड सुटतो ते. शोधायचे असते ते हे, की धूर कोणत्या गावात, किती प्रमाणात पोहोचेल.

या उलट दिशेबद्दल नैयायिकांनी फार पूर्वीच सावध केले आहे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. धूर निघायला ओल्या इंधनाशी संयोग लागतो. ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी, आणि उपाधी दडलेली असेल तर अनुमान फसते. कारणावरून कार्याकडे जाणारे अनुमान त्यांनी त्याज्य ठरवले नाही. ढग दाटलेले पाहून पावसाचा अंदाज बांधणे हे न्यायसूत्रातल्या ‘पूर्ववत्’ अनुमानाचे परिचित उदाहरण आहे. मात्र एकटे कारण पुरत नाही, सगळी कारणसामग्री जमलेली असावी लागते आणि आड येणारे काही नसावे लागते. उंचसखलतेच्या डिजिटल नोंदी प्रदूषणाच्या गणितात कशासाठी घेतात, याचे नेमके उत्तर या एका अटीत आहे. पर्वत हा त्या सामग्रीचा भाग आहे, आणि बराच काळ तो मोजलाच जात नव्हता.

धुराचा झोत वाऱ्याच्या दिशेने सरकतो आणि मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना घंटेच्या आकाराने विरळ होत जातो, ही ‘गाउसीय झोता’ची कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यावर रुजली. फ्रँक पास्क्विल यांनी १९६१ मध्ये वातावरणाच्या स्थिरतेचे वर्ग पाडून तिला व्यवहारात आणले. ही मांडणी देखणी आहे आणि मोकळ्या मैदानावर चांगले काम देते, पण तिच्या मुळाशी जमीन सपाट धरलेली आहे. भारतात धुराड्याची उंची ठरवण्यासाठी दीर्घकाळ वापरलेले सूत्रही याच वळणाचे आहे: तासाला किती किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो त्या आकड्याचा ०.३ वा घात घ्यायचा आणि त्याला १४ ने गुणायचे, की मीटरमध्ये उंची मिळते. त्यात अग्नीचा हिशेब आहे, शेजारच्या डोंगराचा नाही.

डोंगर विसरल्यावर काय होते, ते कॅनडातील ट्रेल गावी दिसले. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कोलंबिया नदीच्या काठी जस्त आणि शिसे गाळण्याचा मोठा कारखाना होता. खोरे जेमतेम एक-दोन मैल रुंद, आणि दोन्ही अंगांना डोंगर नदीच्या वर ३,००० ते ४,५०० फूट चढलेले. अमेरिकेची सीमा तिथून काही मैलांवर आहे. १९२५ आणि १९२७ मध्ये कारखान्याने ४०९ फूट उंचीची दोन धुराडी उभारली. उंच सोडलेला धूर विरून जाईल, हे सपाट जमिनीचे तर्कशास्त्र होते. प्रत्यक्षात धूर डोंगरांच्या भिंतींमध्येच राहिला आणि खोऱ्याच्या उतारावरून सीमेपलीकडे, वॉशिंग्टन राज्यातल्या शेतांवर आणि झाडांवर गेला. वाद दोन राष्ट्रांमध्ये पोहोचला. लवादाने १९३८ मध्ये ७८,००० डॉलरची भरपाई ठरवली, आणि १९४१ च्या अंतिम निवाड्यात असे तत्त्व सांगितले की आपल्या भूमीचा वापर करून दुसऱ्याच्या भूमीला धुराने गंभीर इजा पोहोचवण्याचा अधिकार कोणत्याही राष्ट्राला नाही.

या वादात झालेल्या तपासातली एक गोष्ट तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकानेही लक्षात ठेवावी अशी आहे. खोऱ्यात मैलोन्‌मैल अंतरावर वायुमापक यंत्रे बसवली होती. धूर जमिनीलगत वाऱ्याबरोबर सरकत असता, तर यंत्रांचे आकडे एकामागून एक वाढायला हवे होते. पुष्कळ सकाळी ते जवळजवळ एकाच वेळी चढले. उलगडा असा झाला की रात्री थंड, स्थिर हवेच्या थरात धूर उंचावरूनच खोरेभर पसरतो आणि सूर्य जमीन तापवू लागला की घुसळलेली हवा त्याला सगळीकडे एकदम खाली आणते. कार्यावरून कारण शोधण्याचे हे ‘शेषवत्’ अनुमान उत्तम होते. त्याने दाखवले की हानीचे कारण एकटा कारखाना नव्हता; कारखाना, डोंगर, रात्र आणि सकाळचे ऊन मिळून ती सामग्री झाली होती. जबाबदारी मात्र कारखान्याचीच राहिली, कारण या चारांपैकी माणसाच्या हातात तो एकटाच होता. लवादाने पुढे वारा, हवेतली घुसळण, दिवसाची वेळ आणि पिकांचा हंगाम पाहून किती गंधक सोडायचे याची पद्धत लावून दिली.

डोंगर आकड्यांत उतरवण्याचे मोठे काम फेब्रुवारी २००० मध्ये झाले. एन्डेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांत, ६० मीटर लांब दांड्याच्या दोन टोकांना असलेल्या रडार अँटेनांनी, ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण अक्षांशांमधली जमीन मोजली. पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन त्यात आली. हाती आली ती चौकटींची जाळी: सुमारे ३० किंवा ९० मीटरच्या प्रत्येक चौकटीला एक उंची, पूर्ण मीटरमध्ये. भारताच्या कार्टोसॅट-१ ने २००५ पासून दोन कॅमेऱ्यांच्या जोडचित्रांतून अशाच नोंदी तयार केल्या.

ही जाळी म्हणजे पर्वत का? चौकटीचा आकडा त्या जागेचा एक प्रातिनिधिक आकडा असतो, त्यामुळे अरुंद सुळका ९० मीटरच्या चौकटीत बोथट होतो. घनदाट जंगलात रडारची लहर जमिनीपर्यंत पोहोचत नाही, पानाफांद्यांतूनच परतते. तिथे ‘जमीन’ म्हणून नोंदलेली उंची अंशतः झाडांची असते. अरुंद, खड्या घळींत रडारला काहीच दिसत नाही, आणि मूळ नोंदीत तिथे उणे ३२७६८ ही खूण येते. अजाण संगणकाने ती खरी उंची मानली, तर डोंगराच्या जागी अथांग खड्डा तयार होतो. म्हणजे धुराच्या दृष्टीने जी जागा सर्वांत महत्त्वाची, तिथेच ज्ञान सर्वांत विरळ. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, हा भेद भारतीय प्रमाणशास्त्राने काटेकोरपणे केला आहे: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तेव्हाच तिचे न दिसणे हा अभावाचा पुरावा ठरतो. रडारच्या सावलीत ती स्थिती नसते. त्या जागा पुढे शेजारच्या आकड्यांवरून किंवा दुसऱ्या स्रोतांतून भरल्या गेल्या, आणि असा भरलेला आकडा मोजलेल्या आकड्यासारखाच दिसतो. वापरणाऱ्याने हा फरक विसरणे ही गंभीर चूक आहे.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००५ मध्ये अधिकृत ठरवलेले आणि भारतातही वापरले जाणारे ‘एअरमॉड’ हे प्रतिमान डोंगराला असे सामावून घेते. स्थिर रात्री हवेच्या प्रत्येक थराला डोंगर चढण्याइतकी गतिज ऊर्जा असते किंवा नसते. जिच्याजवळ ती असते ती हवा माथ्यावरून जाते. उरलेली डोंगराला वळसा घालते किंवा त्यावर आदळते. दोहोंच्या सीमेवर विभाजक प्रवाहरेषा असते. तिचा मूळ विचार पी. ए. शेपर्ड यांनी १९५६ मध्ये मांडला. साध्या हिशेबात वाऱ्याच्या वेगाला हवेच्या स्थिरतेच्या वारंवारतेने भागले की हवा किती मीटर चढू शकते ते कळते. वारा सेकंदाला २ मीटर आणि वारंवारता सेकंदाला ०.०२ असेल, तर उत्तर १०० मीटर येते. डोंगर ३०० मीटरचा असेल, तर २०० मीटरच्या खालचा धूर माथा ओलांडत नाही. एअरमॉड दोन उत्तरे काढते: धूर आडवा जाऊन डोंगराला भिडला तर किती, आणि जमिनीच्या चढाबरोबर वर उचलला गेला तर किती. मग झोताचा किती भाग रेषेखाली आहे त्यानुसार दोन्हींना वजन देऊन बेरीज करते. यांतली कोणतीही एक स्थिती जशीच्या तशी घडत असल्याचा दावा नसतो. सत्य दोहोंच्या मधे आहे, एवढेच मानलेले असते.

कोणता डोंगर मोजायचा, हाही निर्णय आहे. एअरमॉडला उंचीच्या नोंदी तयार करून देणारा ‘एअरमॅप’ हा कार्यक्रम प्रत्येक बिंदूपासून १० टक्के चढाची रेषा धरतो. तिच्या वर डोकावणारी जमीनच विचारात येते. १० किलोमीटरवरचा डोंगर १,००० मीटरहून कमी उंच असेल, तर त्या बिंदूपुरता तो नाहीसा होतो. नियम व्यवहार्य आहे, पण तो निसर्गाने घातलेला नाही.

‘जिथे धूर तिथे अग्नी’ अशी व्याप्ती, म्हणजे दोहोंचा अटळ संबंध, कधीच निःशंक कळत नाही, कारण सर्व उदाहरणे कोणी पाहिलेली नसतात, हा चार्वाकांचा आक्षेप इथे जिवंत आहे. त्याला उत्तर म्हणून पुन:पुन्हा पाहावे लागते. १९८० मध्ये आयडाहोतल्या सिंडर कोन ब्यूट या सुमारे १०० मीटरच्या एकाकी टेकडीजवळ खुणेचा वायू सोडून धुराची वाट तपासली गेली, आणि विभाजक रेषेच्या कल्पनेला आधार मिळाला. पण तिथे उभी होती एक सुटी टेकडी, आणि ट्रेलमध्ये होते वळणावळणाचे खोरे. एअरमॉड एका तासासाठी वाऱ्याची एकच दिशा धरते. म्हणून खोरे वळले तरी गणितातला झोत सरळच जातो. उंचीची जाळी कितीही बारीक केली तरी हा दोष जात नाही, कारण तो वाऱ्याच्या ज्ञानातला आहे. अशा ठिकाणी धुराचे सुटे लोट घेऊन जागोजागच्या वाऱ्याबरोबर त्यांना वाहू देणारी प्रतिमाने वापरली जातात, आणि खोऱ्याच्या तळाशी, माणसे राहतात त्या पातळीवर, वारा मोजणारी यंत्रे उभारावी लागतात.