हत्याराला लागणारा वेळ

करंजाड्यात कुठल्याही सेक्टरमध्ये उभे राहा, सकाळी नऊनंतर ग्राइंडरचा आवाज कानावर येतोच. पनवेलला लागून असलेला सिडकोचा हा नोड अजून बांधून व्हायचा आहे. नवी मुंबई विमानतळासाठी ज्या दहा गावांनी आपली जागा सोडली, त्यांतल्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसन वडघर-करंजाडे भागात झाले. 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या आधीपासूनच इथली घरे नव्या माणसांनी भरू लागली होती. इमारत उभी राहिली तरी काम थांबत नाही. कोणाच्या घरात लाद्या बदलायच्या असतात, कोणाला खिडक्यांना ग्रिल हवे असते, कोणाचे किचन ट्रॉलीचे काम चालू असते. बिल्डरचा मजूर गेला की इंटिरिअरवाला येतो, आणि त्याच्यामागून प्लंबर, फॅब्रिकेटर, सुतार.

मी आयुष्यभर तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होतो आणि निवृत्त झाल्यावर इथे राहायला आलो. या आवाजांचा मला त्रास होत नाही, पण ते ऐकल्याशिवाय राहवत नाही. चकती बोथट झाली की माणूस मशीन दाबतो, मोटरचा सूर खाली येतो. तो सूर जास्त वेळ खाली राहिला की मला खिडकीशी जावेसे वाटते. समोरच्या इमारतीत बहुतेक वेळा एकच दृश्य दिसते: पायात चप्पल, डोळ्यांवर काही नाही, ग्राइंडरचा गार्ड काढलेला, आणि वायरची दोन टोके प्लगशिवाय, सॉकेटात काड्या खोचून घट्ट केलेली.

गार्ड का काढतात हे समजून घेतले पाहिजे. बेफिकिरी म्हणून विषय संपवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. भिंतीच्या कोपऱ्यात गार्ड आडवा येतो. चार इंची चकती झिजून लहान झाली की ती खोलवर जात नाही. मोठी चकती लावावी तर ती गार्डमध्ये मावत नाही. वर काम ठेक्याचे, चौरस फुटाच्या भावाचे. गार्ड फिरवून बसवायला लागणारी पाच मिनिटे त्या भावात कोणी धरलेली नसतात. अशा वेळी गार्ड काढणारा माणूस मूर्ख नसतो. त्याच्या हिशोबात पाच मिनिटांना किंमत असते आणि बोटाला नसते, कारण बोटाचा हिशोब कोणी मांडलेलाच नसतो.

तो हिशोब मांडता येतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. त्या चकतीच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणजे आपली पनवेल लोकल भरधाव असताना असते त्याच्या दुपटीहून अधिक. कटिंगच्या चकतीवर तिला झेपणारा वेग छापलेला असतो, बहुतेक चकत्यांवर तो सेकंदाला 80 मीटर असतो. चार इंची चकती सेकंदाला 60 मीटरच्या आतच राहते, म्हणजे तिला पुरेशी सवड असते. त्याच मशीनचा गार्ड काढून सात इंची चकती बसवली की कडेचा वेग 100 मीटरच्या वर जातो. चकती त्याच क्षणी फुटेल असे नाही. दहा वेळा ती फुटत नाही, म्हणूनच माणसाला वाटते की चालते. पण फुटली की तुकडा कुठे जाणार हे ठरवणारी एकच वस्तू होती, आणि ती आपण खोलून पिशवीत टाकलेली असते. लाकूड कापायची दातेरी ब्लेड ग्राइंडरला लावणे तर याहून वाईट. दाते लाकडात अडकले की मशीन झटक्याने उलटते, आणि मनगटाला ते थांबवता येत नाही.

एक गोष्ट आमच्या कोकणपट्टीसाठी मुद्दाम सांगतो. कटिंगच्या चकतीवर मधल्या पत्र्याच्या कडीवर मुदत छापलेली असते, औषधाच्या पाकिटावर असते तशीच. चकतीचे कण राळेने बांधलेले असतात आणि राळ ओलाव्याने कमजोर होते. करंजाड्याच्या पावसात पायऱ्यांखाली गोणपाटात पडलेली गेल्या वर्षीची चकती दिसायला नवी असते. ती कोरड्या डब्यात, आडवी, सपाट ठेवायची असते, आणि पडलेली किंवा चीर गेलेली चकती पुन्हा मशीनवर चढवायची नसते. एवढे शिकायला शाळा लागत नाही. सांगणारा माणूस लागतो.

कारखान्यात मला तो माणूस मिळाला. आमच्या टूल स्टोअरला एक खिडकी होती, आणि प्रत्येक कामगाराकडे त्याच्या नंबरचे पितळी बिल्ले होते. हत्यार घेतले की बिल्ला द्यायचा. तो हत्याराच्या जागी खिळ्याला लटकायचा. फळीवर प्रत्येक पान्याची, पकडीची आकृती रंगवलेली होती, त्यामुळे संध्याकाळी एक जागा रिकामी दिसली की कोणाकडे काय राहिले ते कळायचे. पण त्या खिडकीचे खरे काम वेगळे होते. परत आलेले हत्यार स्टोअरकीपर हातात घेऊन बघायचा. छिन्नीचे डोके घणाने ठोकून ठोकून फुलले असेल तर ते घासून आणल्याशिवाय तो बिल्ला परत देत नसे, कारण त्या फुललेल्या कडेचा कपचा उडाला तर डोळ्यात जातो. मुठीशिवाय कानस तो कोणाला देत नसे. कानशीचे शेपूट टोकदार असते आणि कानस अडकली की ते तळहातात घुसते. हातोडीची पाचर ढिली असेल तर हातोडी बाजूला ठेवली जायची. तोंड झिजलेला पाना तर तो भंगारातच टाकायचा, कारण असा पाना नटावरून सटकतो आणि माणसाची बोटे लोखंडावर आपटतात.

सुरुवातीला आम्हा पोरांना हा माणूस फार जाच करणारा वाटायचा. पुढे लक्षात आले की आमच्या खात्यात सुरक्षेच्या पाट्या पुष्कळ होत्या, पण अपघात टळत होते ते त्या खिडकीमुळे. पाटी माणसाला काम करताना सावध राहायला सांगते. आठ तास काम करणारा माणूस आठही तास सावध राहू शकत नाही. दुपारी तीनच्या सुमारास लक्ष जातेच. त्या वेळी त्याला वाचवायचे असेल तर हत्यार आदल्या संध्याकाळी नीट झालेले हवे. धार लावलेली पटाशी कमी जोरात चालते म्हणून सटकत नाही. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात सटकला की थांबत नाही. म्हणून हत्यार चालवणे आणि हत्याराची निगा राखणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, असे मला कधी वाटले नाही. ज्याला निगा येत नाही, त्याला ते हत्यार चालवता येत नाही.

आयटीआयमध्ये फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो आणि त्याची सुरुवात कानस चालवण्यापासून होते. पोरे कंटाळतात. लोखंडाचा एक ठोकळा काटकोनात घासत राहण्यात काय आहे, असे त्यांना वाटते. पण त्याच दिवसांत हाताला सवय लागते: कानस ब्रशने साफ करायची, कानशी एकमेकींवर टाकायच्या नाहीत, पान्याला पाइप अडकवून ताण द्यायचा नाही, ड्रिल मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. हा शेवटचा नियम नवख्याला उलटा वाटतो, पण फिरता ड्रिल मोज्याचा धागा पकडतो आणि हात आत ओढतो.

करंजाड्यात काम करणाऱ्यांपैकी फार थोडे आयटीआयमधून आलेले असतात. बहुतेक जण कोणा मामाच्या, गाववाल्याच्या हाताखाली शिकलेले. आमच्या जिन्यात लाद्या बसवायला जालन्याकडचा एक तरुण आला होता. हात फार चांगला होता त्याचा, सांधे असे जुळवायचा की बघत राहावे. मी त्याला गार्डबद्दल विचारले.

“काका, मशीन माझं नाही, ठेकेदाराचं आहे. मिळालं तेव्हाच गार्ड नव्हता.”

“मग मागून का घेत नाहीस?”

“मागितला तर म्हणतो, तुला जमत नसेल तर दुसरा बघतो.”

त्याची स्वतःची थापी आणि ओळंबा मात्र त्याने फडक्यात गुंडाळून ठेवलेले होते, पुसून, स्वच्छ. निगा राखणे त्याला येत होते. जे त्याचे नव्हते, त्याची निगा राखायचा अधिकार त्याला कोणी दिला नव्हता.

आपल्या जुन्या गावगाड्यात या प्रश्नाचे एक उत्तर होते. लोहार आणि सुतार बलुतेदार होते. नांगराचा फाळ, विळा, कोयता वर्षभर पाजवून, दुरुस्त करून द्यायचे आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता आणि कारागिराला दाद नव्हती. ती परत यावी असे मी मुळीच म्हणत नाही. पण हत्याराची निगा हे काम आहे आणि त्याचे मोल द्यावे लागते, हे त्या व्यवहारात गृहीत होते. आजच्या ठेक्याच्या भावात ते नाही. खंडेनवमीला आपण हत्यारे पुसतो, त्यांना कुंकू लावतो, झेंडू वाहतो. मला हा सण मनापासून आवडतो. कारखान्यात त्या दिवशी पुसता पुसता चिरलेले दांडे, सोललेल्या वायरी सापडायच्या आणि तिथल्या तिथे बदलल्या जायच्या. मात्र त्यासाठी त्या दिवशी उत्पादन थांबवलेले असायचे, म्हणजे वेळ दिलेला असायचा.

कायद्याकडे बघावे तर बांधकाम कामगारांसाठी 1996 चा कायदा झाला. महाराष्ट्रात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. वर्षात 90 दिवस काम केलेल्या कामगाराला तिथे नोंदणी करता येते आणि नोंदणी झालेल्यांना सुरक्षा संच दिले जातात. पण तो कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांचा होता. स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम त्याने बाहेर ठेवले, आणि नव्या कामगार संहितेत ही मर्यादा आणखी वर गेली आहे. म्हणजे करंजाड्यातल्या माझ्या-तुमच्या फ्लॅटमध्ये दोन माणसे लाद्या कापत असतात, तेव्हा तिथे ना फोरमन असतो, ना सुरक्षा अधिकारी, ना टूल स्टोअरची खिडकी. तिथे आपण असतो.

म्हणून शेजाऱ्यांना माझी विनंती आहे. घरात काम काढाल तेव्हा भाव ठरवतानाच ठेकेदाराला सांगा की गार्ड नसलेले मशीन दारातून आत येणार नाही. वायरला प्लग असेल आणि चष्मा डोळ्यांवर असेल. ज्या बोर्डावरून मशीन चालणार आहे, त्याला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. लादी पाणी सोडून कापायला सांगा, म्हणजे ती धूळ कोणाच्या फुप्फुसात जाणार नाही. आणि संध्याकाळचा शेवटचा अर्धा तास हत्यारे पुसायला, धार लावायला, तपासायला म्हणून मजुरीत धरा आणि तसे त्या कामगारासमोर बोला. लाखो रुपयांच्या कामात या अर्ध्या तासाचे पैसे फार होत नाहीत. ते ठेकेदार देणार नाही, आपणच द्यायला हवेत.