आमंत्रणाचा अधिकार

'अतिथि' ह्या शब्दाची जी परंपरागत व्युत्पत्ति सांगतात, तींत मोठें मर्म आहे. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि. तो अवचित दारांत उभा राहतो, आणि गृहस्थाला आपल्या ताटांतली भाकरी त्याच्याशीं वांटून घ्यावी लागते. त्याला कोणी बोलावलेलें नसतें, म्हणूनच त्याचें आतिथ्य हा धर्म ठरतो, व्यवहार ठरत नाहीं. आतां ज्याच्या येण्याचीच नव्हे तर परत जाण्याचीहि तिथि तिकिटावर छापलेली आहे, ज्यानें आपल्या निद्रेचें, स्नानाचें आणि सूर्यास्त पाहण्याचें मोल आगाऊ भरलें आहे, आणि ज्याला सहा-सहा महिने चित्रें दाखवून व आर्जवें करून बोलावून घेतलें आहे, त्याला काय म्हणावें? गिऱ्हाईक म्हटलें तर त्याला तें रुचत नाहीं, आणि बोलावणाऱ्यालाहि रुचत नाहीं. दोघांनाहि 'पाहुणा' हाच शब्द हवा असतो. ह्या उसन्या शब्दापायीं जे नैतिक प्रश्न उत्पन्न होतात, ते प्रशांत महासागरांतील चिमुकल्या द्वीपराष्ट्रांच्या बाबतींत जितके उघडे पडतात तितके अन्यत्र क्वचित् पडत असतील.

त्या राष्ट्रांची जाहिरात आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलेली आहे. निळेंभोर पाणी, पांढरी वाळू, पाण्यावर वांकलेला एक माड; आणि माणूस मुळींच नाहीं, किंवा असलाच तर कानावर फूल खोवून हंसणारा. हें चित्र आजकालचें नव्हे. फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिल हा इ. स. १७६८ सालीं ताहितीस गेला, तेथें अवघे थोडे दिवस राहिला, आणि त्यानें त्या बेटास प्रेमदेवता ॲफ्रोडायटी हिच्या बेटावरून 'नवें सिथेरा' असें नांव देऊन टाकलें. परत जातांना त्यानें अहुतोरू नांवाचा एक ताहितीवासी पॅरिसला नेला. तेथील दिवाणखान्यांतून त्याचें पुष्कळ कौतुक झालें. परंतु मायदेशीं परततांना वाटेंत, १७७१ सालीं, तो देवीच्या रोगानें मरण पावला. पुढच्याच वर्षीं दिदरो ह्या तत्त्वज्ञानें एक काल्पनिक ग्रंथ लिहिला. त्यांत ताहितीचा एक वृद्ध निघून जाणाऱ्या पाहुण्यांना खडे बोल सुनावतो. तो ग्रंथ लेखकाच्या मृत्यूनंतर, १७९६ सालीं, प्रसिद्ध झाला. म्हणजे जाहिरात आणि तिचा निषेध ह्या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळीं जन्मल्या, आणि दोन्ही युरोपांतच जन्मल्या. त्या वृद्धाचें भाषण देखील फ्रेंच माणसानेंच लिहिलेलें आहे, ही गोष्ट निषेध करणाऱ्यांनीं विसरूं नये.

आम्ही निषेध करणाऱ्यांच्या पक्षाचे नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. लहान बेटाला विकण्यासारखें असतें तरी काय? नाऊरूचें उदाहरण सर्वांपुढें आहे. एकवीस चौरस किलोमीटरांचें हें बेट. विसाव्या शतकाच्या आरंभापासून परकीयांनीं त्याच्या पोटांतील फॉस्फेट खणून नेलें. १९६८ सालीं स्वातंत्र्य मिळाल्यावर तोच धंदा नाऊरूच्या लोकांनीं स्वतः चालविला, कांहीं वर्षें अमाप धन भोगलें, आणि अखेरीस बेटाचा मध्यभाग दांत काढलेल्या हिरडीसारखा उरला. तुवालू हें राष्ट्र मासेमारीचे परवाने देतें, आणि संगणकी पत्त्यांच्या शेवटीं लागणारीं आपल्या वांट्याचीं दोन अक्षरें दूरचित्रवाणीच्या आद्याक्षरांशीं जुळलीं ह्या निव्वळ योगायोगावरहि कांहीं उत्पन्न मिळवितें. ह्या मानानें पाहतां सूर्यास्ताचा विक्रय हा किती निरुपद्रवी धंदा! विकलेला सूर्यास्त दुसऱ्या दिवशीं पुन्हा शिल्लक असतो. साथीच्या काळांत, मार्च २०२० पासून १९२१ नव्हे, पुरत्या २०२१ सालच्या नोव्हेंबरअखेरपर्यंत, फिजीचीं दारें प्रवाशांना बंद होतीं; तेव्हां उपाहारगृहांतील शेंकडों नोकरांना पुन्हा शेताकडे व जाळ्याकडे वळावें लागलें, आणि लोकांनीं वस्तूच्या बदल्यांत वस्तु देण्याचा व्यवहार पुन्हा सुरू केला. प्रवासी न आल्यानें बेट 'पवित्र' होतें, असें मानणें हा भरल्या पोटाचा विलास आहे.

तेव्हां दोष विक्रींत नाहीं. मग मनाला खुपतें तें काय?

जाहिरात हें एक वचन असतें. दुकानदार 'माझा माल चोख आहे' असें म्हणतो तेव्हां तो स्वतःच्या मालाविषयीं स्वतः वचन देतो. माल खोटा निघाला तर त्याची गचांडी धरतां येते. परंतु बेटाच्या जाहिरातींत वचन देणारा निराळा असतो आणि तें पाळणारा निराळा. राजधानींतील पर्यटन खातें, परदेशांतील विमान कंपनी, आणि त्याहून दूरचा एखादा चित्रकार हे तिघे मिळून एका संपूर्ण समाजाच्या स्वभावाची हमी देतात. फिजीच्या जाहिरातखात्यानें आपला देश म्हणजे सुख जेथें तुम्हांला शोधीत येतें तें स्थान, अशा आशयाचें ब्रीद घेतलें. २००६ सालीं इंग्लंडांतील एका संस्थेनें काढलेल्या सुखाच्या मोजपट्टींत वानूआतूचा पहिला क्रमांक लागला, आणि तेव्हांपासून 'जगांतील सर्वांत सुखी लोक' हें विशेषण त्या देशाच्या नांवाला चिकटलें. आतां तेथील ज्या खोली झाडणाऱ्या बाईचें मूल घरीं तापानें फणफणलें आहे, ती त्या दिवशीं हंसली नाहीं, तर पाहुण्याला आपली फसवणूक झाल्यासारखें वाटतें. तिनें कोणत्याहि करारावर सही केलेली नाहीं. तरी करारभंगाचा दोष मात्र तिच्या माथीं येतो. कोणी म्हणेल कीं, सौजन्य हा प्रत्येक धंद्याचाच भाग आहे. खरें आहे. पण सौजन्य शिकतां येतें, आणि त्याचें वेतन मागतां येतें. 'हे लोक स्वभावतःच आनंदी आहेत' असें एकदां जाहीर झालें, म्हणजे हंसणें हें कामांत धरलें जात नाहीं, आणि जें काम नव्हे त्याला वेतन कसलें?

दुसरें वचन निर्जनतेचें. चित्रांत माणूस नसतो, ह्याचा अर्थ तेथें माणसें राहत नाहींत असा नव्हे. छायाचित्रकारानें त्यांना बाजूला सारलेलें असतें. टोंगा-वंशीय लेखक एपेली हाउओफा ह्यांनीं १९९३ सालच्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, हीं बेटें अफाट सागरांत विखुरलेले ठिपके आहेत ही दृष्टि मुळीं खंडावरच्या माणसाची आहे. बेटवाल्याच्या लेखीं समुद्र हा अडसर नसून घराचें अंगण होतें, आणि त्या अंगणासह मोजलें तर त्याचें घर लहान मुळींच नाहीं. जाहिरातीला मात्र तें लहानच हवें असतें, कारण लहान वस्तूच मुठींत घेतल्यासारखी वाटते.

परंतु ह्या सर्वांहून गंभीर प्रश्न विधींचा आहे. वानूआतूंतील पेंटेकोस्ट बेटाच्या दक्षिण भागांत 'नगोल' नांवाचा एक विधि आहे. आपल्याकडील कोनफळाचे भाऊबंद शोभावेत असे कंद हें तेथील मुख्य पीक. त्यांच्या काढणीच्या हंगामांत लोक लांकडाचा वीस-तीस मीटर उंच मनोरा उभारतात, आणि पुरुष घोट्यांना रानवेली बांधून त्यावरून खालीं उडी घेतात. वेलीची लांबी अशी मापलेली असते कीं, उडी घेणाऱ्याचें मस्तक किंवा खांदा जमिनीला ओझरता लागावा. म्हणजे जमीन पुढच्या पिकासाठीं सुफल होते, अशी श्रद्धा. हा विधि एप्रिल ते जून ह्या महिन्यांत होतो, आणि त्याला कारण आहे. पावसाळ्यानंतर वेलींत रस भरलेला असतो, त्या ताणल्या जातात, तुटत नाहींत. विधीचा मुहूर्त आणि वेलीचा गुण हे तेथें एकच आहेत. शास्त्र आणि श्रद्धा ह्यांची इतकी निकट गांठ क्वचित् आढळते.

१९७४ च्या फेब्रुवारींत इंग्लंडची राणी एलिझाबेथ तेथें आली. त्या वेळीं तें राष्ट्र 'न्यू हेब्रिडीज' ह्या नांवानें इंग्रज व फ्रेंच ह्यांच्या संयुक्त अमलाखालीं होतें. स्वातंत्र्य यावयास अजून सहा वर्षें अवकाश होता. एवढ्या थोर पाहुणीला कांहीं अपूर्व दाखवावें म्हणून अधिकाऱ्यांनीं नगोल करविला. हंगाम नव्हता; वेली पुरेशा लवचिक नव्हत्या. एक उडी घेणारा खालीं आदळला आणि त्या दुखापतीनें मरण पावला.

ह्या घटनेंत दुष्ट असा कोणीच नाहीं, हेंच तिचें वैशिष्ट्य. राणीनें मागणी केली नव्हती. अधिकाऱ्यांचा हेतु आदरसत्काराचा होता. उडी घेणारे स्वखुशीनें मनोऱ्यावर चढले, असेंहि म्हणतां येईल. मात्र राज्यकर्त्याची विनंति नाकारण्याची सोय असलेल्या माणसाच्याच होकाराला होकार म्हणावें, असें आम्हांस वाटतें. चुकलें तें एवढेंच कीं, पाहुण्याची तिथि आणि विधीची तिथि ह्यांत विरोध आला तेव्हां विधीनें माघार घेतली. जो खरोखर अतिथि असतो तो घरांत चालू असेल तें पाहतो; श्राद्ध असेल तर श्राद्ध, बारसें असेल तर बारसें. त्याच्याकरितां कोणी बारसें घडवून आणीत नाहीं. आज नगोल पाहण्यास प्रवासी पैसे भरून जातात, परंतु ते हंगामांतच जातात. पैसे घेतल्यानें विधि भ्रष्ट झाला असें म्हणणाऱ्यांनीं आपल्या तीर्थक्षेत्रांतील व्यवहार आठवावा. आमच्या मतें पैशापेक्षां पंचांग महत्त्वाचें. तें गांवकऱ्यांच्या हातीं राहिलें आहे तोंवर यजमानपणहि त्यांच्याचकडे आहे.

बिकिनीची कथा ह्याच्या अगदीं उलट टोंकाची. मार्शल बेटांपैकीं ह्या कंकणाकृति बेटावरील १६७ माणसांना अमेरिकन आरमारानें मार्च १९४६ मध्यें तेथून हलविलें. अखिल मानवजातीच्या कल्याणासाठीं तुमचें बेट हवें आहे, असें त्यांना सांगण्यांत आलें होतें. जुलैच्या पहिल्या तारखेस तेथें पहिला अणुस्फोट झाला, आणि पांचव्या तारखेस पॅरिसच्या एका कल्पक गृहस्थानें स्त्रियांच्या जलक्रीडेचा एक तोकडा पोशाख त्याच नांवानें बाजारांत मांडला. १९५८ पर्यंत बिकिनीवर तेवीस स्फोट झाले. मूळ रहिवाशांचे वंशज आजहि तेथें नांदत नाहींत, कारण तेथील मातींत पिकलेलें अन्न नित्य खाण्याजोगें नाहीं. आणि १९९६ पासून तेथें पाणबुड्या प्रवाशांना नेण्यांत येऊं लागलें, स्फोटांत बुडालेलीं लढाऊ जहाजें पाहण्यासाठीं. जेथें घरच्यांना राहतां येत नाहीं, तेथें पाहुण्यांनीं आपला शिधा बरोबर घेऊन जावें! त्या प्रवासाचा पैसा बिकिनीवासीयांच्याच कामीं यावा ही योजना होती, म्हणून तिला नांवें ठेवण्यास जीभ उचलत नाहीं.

आतां एक नवीनच आमंत्रण ऐकूं येतें. बेटें बुडण्यापूर्वीं पाहून घ्या. तुवालूची वस्ती सुमारें अकरा हजार, क्षेत्रफळ सव्वीस चौरस किलोमीटर, आणि जमीन समुद्रसपाटीहून जेमतेम चार-पांच मीटर उंच. २०२१ सालीं तेथील परराष्ट्रमंत्री सायमन कोफे ह्यांनीं गुडघाभर समुद्रांत उभें राहून जागतिक हवामान परिषदेसाठीं भाषण केलें. तेंहि एक चित्रच होतें, आणि तें जगभर पोंचावें हाच उद्देश होता. पण त्या चित्रांत माणूस होता, आणि तो कोणाला या म्हणत नव्हता. आपापल्या घरीं कांहीं तरी करा, असें म्हणत होता. तें पाहून जो विमानाचें तिकीट काढण्यास धांवतो, त्यानें धूर ओकीत मरणासन्नाच्या उशाशीं जाऊन बसण्याचा मार्ग पत्करला. २०२३ सालीं तुवालूनें ऑस्ट्रेलियाशीं करार केला. त्यान्वयें दरसाल २८० तुवालूवासीयांना त्या देशांत जाऊन राहतां येतें. कराराला नांव दिलें आहे 'फालेपिली', म्हणजे त्यांच्या भाषेंत शेजारधर्म. पाहुणा म्हणून नव्हे, शेजारी म्हणून जाण्याचा हक्क त्यांनीं मागितला, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे.

मग लहान राष्ट्रानें आमंत्रण द्यावें तरी कसें? पालाऊ ह्या अठरा हजार वस्तीच्या देशांत २०१५ सालीं दीड लाखांहून अधिक प्रवासी आले. त्यांतले निम्म्याहून जास्त चीनचे. इतकी गर्दी सोसवेना, म्हणून सरकारनें स्वतःच विमानांच्या फेऱ्यांना कात्री लावली. पुढें २०१७ च्या अखेरीस चीननें आपल्या प्रवाशांच्या टोळ्या तेथें जाण्यास बंदी केली, कारण पालाऊ तैवानला मान्यता देतो. म्हणजे ज्या दारानें पाहुणे येतात त्याची कडी कधीं कधीं परक्याच्या हातांत असते, हेंहि त्या लोकांनीं पाहिलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून तेथें उतरणाऱ्या प्रत्येकाच्या पारपत्रावर एक प्रतिज्ञा उमटविली जाते, आणि तिच्याखालीं त्याला सही करावी लागते. ती प्रतिज्ञा सरकारला उद्देशून नाहीं, पालाऊच्या मुलांना उद्देशून आहे, आणि ती रचतांना तेथील मुलांचें साहाय्य घेतलें होतें. येथें वचनाची दिशाच फिरली. सही करून जो समुद्रांत घाण टाकील त्याला रोखण्यास कायदा आहेच. २०२० पासून प्रवाळास अपायकारक असे अंगाला चोपडण्याचे लेपहि तेथें वर्ज्य आहेत. सहीनें सारे प्रवासी साधु होतील असें कोणी मानीत नाहीं. पण आपण कोणाच्या तरी घरांत शिरत आहोंत, एवढें त्याला दारांतच कळतें.

सामोआची रीत आम्हांस ह्याहूनहि साधी वाटते. तेथील सुमारें चार पंचमांश जमीन कुळांच्या सामाईक मालकीची आहे व ती विकतां येत नाहीं. त्यामुळें किनाऱ्यावर पुष्कळ ठिकाणीं कुटुंबेंच आपल्या जमिनीवर छपराच्या, भिंती नसलेल्या झोंपड्या बांधून प्रवाशांना ठेवून घेतात. २००९ च्या सप्टेंबरांतील समुद्राच्या लाटेनें लालोमानू येथील अशा झोंपड्या धुऊन नेल्या, माणसेंहि नेलीं. त्या पुन्हा उभ्या राहिल्या त्या त्याच कुटुंबांच्या हातून. संध्याकाळीं गांवच्या प्रार्थनेची खूण झाली म्हणजे रस्त्यावरचा प्रवासीहि जेथल्या तेथें थांबतो. रविवारीं कित्येक गांवांत समुद्रस्नानास मनाई असते. ज्या पाण्याच्या चित्रावर भुलून तो हजारों मैल आला, तें पाणी त्या दिवशीं त्यानें काठावर बसून पाहावें, अशी यजमानांची अपेक्षा असते, आणि ती त्याला आल्याबरोबर सांगितली जाते.