कर्ता, करविता आणि कंपनी

जिला देह नाही, आणि म्हणून मरणाची वा पुनर्जन्माची भीतीही नाही, अशी एक व्यक्ती राजाच्या सनदेने जन्मास घालून तिच्या हाती अलोट द्रव्य आणि देशोदेशी व्यापार करण्याचा हक्क दिला, तर तिच्याकडून घडणाऱ्या कृत्यांचे पापपुण्य कोणाच्या खात्यावर मांडावयाचे, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांपुढे ह्या रूपाने कधी उभा राहिला नाही. अनेकांनी भांडवल एकत्र करून चालविलेल्या उद्योगाला ‘संभूयसमुत्थान’ असे नाव देऊन मनूने आणि याज्ञवल्क्याने त्याला व्यवहारपदांत स्थान दिले आहे खरे. परंतु त्या उद्योगातले भागीदार हाडामांसाचे होते आणि नफ्यातोट्याबरोबर दोषाचा वाटाही त्यांच्याच पदरी पडत असे. कंपनी ही आपल्या भागधारकांहून निराळी. शिवाय ती एका राज्याची हद्द ओलांडून दुसऱ्या राज्यात शिरली की तिला लागू होणारा कायदाही बदलतो. इकडे जे विहित ते तिकडे निषिद्ध असू शकते, आणि दोन कायद्यांच्या मधल्या ह्या बेवारस पट्ट्यातच पुष्कळदा सर्वांत मोठी प्राप्ती असते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या अफूच्या व्यापाराइतके ह्याचे स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. ‘स्वच्छ’ हे विशेषण मी जाणूनबुजून वापरतो, कारण त्या व्यापाराच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीचे हात कागदोपत्री स्वच्छच होते. बिहारातला शेतकरी कंपनीच्या एजंटाकडून आगाऊ रक्कम उचलून खसखशीचे पीक लावी; त्याचा चीक पाटणा आणि गाझीपूर येथील कारखान्यांत येई; तेथे त्याचे गोळे वळून, त्यांवर खसखशीच्याच पाकळ्यांचे वेष्टन चढवून, ते 40 गोळे आंब्याच्या लाकडाच्या एका पेटीत बसविले जात; आणि ह्या पेट्यांचा कलकत्त्यास जाहीर लिलाव होई. लिलावाची हातोडी पडली की कंपनीचा संबंध संपला! चीनच्या बादशहाने अफूविरुद्ध पहिले फर्मान 1729 सालीच काढले होते आणि पुढे आयातही बंद केली होती. तेव्हा चहा आणणाऱ्या स्वतःच्या जहाजांवर हा माल चढवू न देण्याची कंपनीने कटाक्षाने खबरदारी घेतली. खाजगी व्यापाऱ्यांची जहाजे तो लिंटिन बेटापर्यंत नेत, तेथून चिनी चोरट्या होड्या तो किनाऱ्यावर पोचवीत, आणि त्याच्या मोबदल्यात आलेली चांदी कँटनमधल्या कंपनीच्या खजिन्यात भरून व्यापारी तिच्या हुंड्या घेत. त्या चांदीने कंपनी चहा विकत घेई. ज्या कायद्याचा भंग घडविल्यावाचून ही चांदी हाती येणे शक्य नव्हते, तो मोडल्याचा एकही कागद कंपनीच्या दप्तरात सापडू नये, अशी ही व्यवस्था होती. पश्चिमेकडे शिंदे-होळकरांच्या मुलखातली माळव्याची अफू दमणच्या पोर्तुगीज बंदरातून निसटू लागली, तेव्हा ती बंद पाडणे अशक्य आहे असे पाहून कंपनीने मुंबईच्या वाटेवर तिला परवाना देऊन त्यावर शुल्क बसविले. सिंध जिंकून ह्या अफूची कराचीकडची वाटही ताब्यात आल्यावर हे शुल्क वाढत गेले, ह्याचे कोणाला आश्चर्य वाटू नये.

1839 साली लिन त्से-शू ह्या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून, चर खणून, मीठ आणि चुना घालून ती अफू समुद्रात सोडून दिली. परंतु त्यापूर्वीच इंग्रज अधिकारी इलियट ह्याने तो माल व्यापाऱ्यांकडून आपल्या सरकारच्या नावाने ताब्यात घेतला होता. एका सहीसरशी चोरटा माल राजसत्तेच्या प्रतिष्ठेचा विषय बनला आणि युद्ध आले. पार्लमेंटात तरुण ग्लॅडस्टनने ह्या युद्धाचा कठोर धिक्कार केला. सरकारविरुद्धचा ठराव अवघ्या 9 मतांनी पडला. 1842 च्या नानकिंगच्या तहात नष्ट झालेल्या अफूची भरपाई चीनकडूनच वसूल करण्यात आली. 1858 मध्ये जकात बसवून अफूची आयात कायदेशीर ठरली. तीच पेटी, तेच गोळे, तोच ओढणारा; आदल्या वर्षीचा गुन्हा पुढच्या वर्षी उदीम झाला. पाप हे जर राजाज्ञेच्या उल्लंघनातच असेल, तर ते त्या दिवशी नाहीसे झाले असे म्हणावे लागेल, आणि असे म्हणण्यास कोणत्याही धर्माचा अनुयायी सहजी धजावणार नाही. भगवान बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत मद्य आणि विष हे दोन आहेत. जैन श्रावकाला निषिद्ध असलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे. तेथे कोणत्या बंदरात कोणाचा अंमल चालतो, ह्याची चौकशी नाही.

मुंबईकराला हा इतिहास दूरचा वाटण्याचे कारण नाही. सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनच्या व्यापारातून, जार्डिन-मॅथेसन पेढीच्या सहकार्याने, अफू आणि कापूस ह्यांवर उभा राहिला, आणि त्याच संपत्तीतून ह्या शहराला रुग्णालय लाभले. दानाचे द्रव्य न्यायार्जित असावे असा आपल्या शास्त्रांचा आग्रह आहे. पण त्या रुग्णालयात बरे झालेल्या गरिबाने हा हिशेब मांडावा अशी अपेक्षा मी करणार नाही. जमशेटजींनी आपल्या राज्याचा कायदा मोडला नव्हता. खरा पेच तोच आहे.

ह्यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. व्यापाऱ्याने परक्या देशात स्वतःच नीती ठरवू लागावे काय? तसे करणारी कंपनी उद्या राज्य करू लागेल. आपल्या देशात तिने ते केलेही. म्हणून ज्या भूमीवर व्यापार त्या भूमीचा कायदा पाळणे, हे पहिले बंधन मला निर्विवाद वाटते. ते पाळल्याने दोष संपतो, एवढेच मी मान्य करीत नाही. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात कर्मफळाचे तीन वाटेकरी सांगितले आहेत: करावयास लावणारा, संमती देणारा आणि प्रत्यक्ष करणारा, आणि ज्याचा पुढाकार अधिक त्याला फळही अधिक. ह्या मापाने पाहता बिहारचा कर्जबाजारी शेतकरी सर्वांत लहान वाटेकरी ठरतो, लंडनचे संचालक सर्वांत मोठे. आणि मधला, संमती देणारा? 1833 च्या कायद्याने कंपनीचा व्यापार बंद केला, पण तिच्या भागधारकांना हिंदुस्थानच्या महसुलातून दरसाल साडेदहा टक्के लाभांश मिळेल अशी तजवीज केली. त्या महसुलाचा एक भरभक्कम स्तंभ अफू हा होता. इंग्लंडातल्या एखाद्या खेड्यात तो लाभांश घेणाऱ्या भाविक विधवेने खसखशीचे फूल पाहिलेही नसेल. तरी आपस्तंबाच्या यादीतून तिचे नाव कसे वगळावे, हे मला समजत नाही.

सनदी कंपन्यांचे युग गेले, पण दोन कायद्यांमधला तो पट्टा अजून ओसाड पडलेला नाही. स्वतःच्या इमारतींतून घातक म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस खरवडून काढणारा कॅनडा 2011 पर्यंत तेच खनिज खणून भारताला विकीत होता. तेथे बंदी आली ती 2018 मध्ये. आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आजही बाजारात मिळतात आणि ते तयार करणाऱ्या कंपन्यांचे शेअर बाजारात घेता येतात. ज्यांच्याजवळ ते असतील, त्यांनी वार्षिक सभेची सूचना हाती पडल्यावर लाभांशाचा आकडा वाचून झाला की माल कोठून येतो आणि कोणाच्या छपरावर चढतो, एवढे तरी संचालकांना लेखी विचारावे.