रुसलेल्या सखीच्या दारी जगदंबा

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

भाविकहो,

करवीरनगरी दक्षिण काशी म्हणून ओळखली जाते. दूरदूरच्या गावांहून आपण येथे येता, महाद्वारातून आत शिरून आई अंबाबाईचे दर्शन घेता आणि प्रसाद घेऊन परतीच्या वाटेला लागता. आपला भाव आईच्या चरणी पोहोचतो, यात शंका नाही. परंतु या नगरीत केवळ भक्तच देवीकडे येतात असे नाही. वर्षातून एक दिवस प्रत्यक्ष जगदंबा राऊळ सोडून आपल्या सखीच्या भेटीस निघते. तो दिवस आश्विन शुद्ध पंचमीचा, म्हणजेच नवरात्रातील ललिता पंचमीचा. या भेटीचे मर्म ध्यानी घेतले, तर आपली करवीरयात्रा अधिक सफळ होईल.

कथा अशी सांगतात. कोल्हासुराच्या वधानंतर त्याचा पुत्र कामाक्ष याने योगदंडाच्या बळावर अंबाबाईसह सर्व देवांना शेळ्यामेंढ्यांचे रूप दिले. त्या संकटात त्र्यंबुली देवी धावून आली. तिने युक्तीने तो दंड हस्तगत केला, कामाक्षाचा नाश केला आणि देवांना पूर्वरूप मिळवून दिले. पुढे करवीरात विजयाचा सोहळा झाला. सर्वांना आमंत्रणे गेली. पण जिच्यामुळे हा दिवस दिसला, त्या त्र्यंबुलीलाच बोलवायचे राहून गेले. ती रुसली आणि नगराच्या पूर्वेकडील टेकडीवर, करवीराकडे पाठ करून बसली. हे कळताच अंबाबाई लवाजम्यासह तेथे गेली आणि तिने सखीची समजूत काढली. तीच ही टेंबलाईची टेकडी.

आजही ललिता पंचमीला अंबाबाईची गजारूढ रूपात पूजा बांधली जाते. उत्सवमूर्तीची पालखी वाद्यांच्या गजरात टेकडीकडे निघते. दोघी सखींची भेट होते, कुमारिकेचे पूजन होते आणि तिच्या हातून त्रिशूळाने कोहळा फोडला जातो. हा कोहळा कोल्हासुराच्या वधाचे प्रतीक होय. त्याचा तुकडा मिळावा म्हणून भाविकांची केवढी झुंबड उडते!

सज्जनहो, या कथेत आपल्यासाठी काय आहे? पहिली गोष्ट अशी की, संकटात हात देणाऱ्याचा विसर सुखाच्या दिवशीच पडतो. घर बांधून झाले, मुलामुलींची लग्ने थाटात झाली, व्यवसायाला बरकत आली. आणि पडत्या काळात ज्याने धीर दिला, तोच मित्र आमंत्रणाच्या यादीत राहून जातो. हे नेहमी दुष्टपणाने घडते असे नाही, गडबडीत घडते. मात्र ज्याचे राहून जाते, त्याच्या मनाला होणारी वेदना खरीच असते.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. आदिशक्ती असूनही अंबाबाईने ‘तिला गरज असेल तर ती येईल’ असे म्हटले नाही. दूताकरवी निरोप धाडला नाही. ती स्वतः उठली, टेकडी चढली आणि सर्वांदेखत सखीला मान दिला. जो अधिक मोठा, त्याने आधी पाऊल उचलावे, हीच आईची शिकवण आहे. मग आपणा सामान्यांचा मानापमान तो केवढा!

करवीरवासीयांनी ही शिकवण ऋतूऋतूंच्या सणांत जपली आहे. आषाढात पंचगंगेला नवे पाणी आले की मंगळवारी व शुक्रवारी ते कलशात भरून, पी-ढबाकच्या तालावर, त्र्यंबुलीच्या चरणी नेऊन वाहतात. गल्लीतील आबालवृद्ध या यात्रेत एकत्र चालतात. आषाढी एकादशीला प्रतिपंढरपूर मानल्या जाणाऱ्या नंदवाळला पायी दिंड्या जातात. मार्गशीर्षात सौंदत्तीहून भाविक परतले की ओढ्यावरील रेणुकेच्या यात्रेत आंबील, घुगऱ्या, वडी-भाकरीच्या शिदोऱ्या सुटतात. चैत्र पौर्णिमेला सुमारे १८ किलोमीटरवरील वाडी रत्नागिरीस जोतिबाच्या सासनकाठ्या गुलालात नाहतात.

कोणी म्हणेल, हे तर फिरणे आणि खाणेपिणे झाले. यात भक्ती कोठे आहे? त्यास उत्तर इतकेच की, एका शिदोरीतील भाकरी दहा जणांत वाटली जाते तेथे अहंकाराला बसायला जागा उरत नाही. एकट्याने केलेले स्तोत्रपठण थोर आहेच. पण वर्षभर न बोललेले दोन शेजारी पालखीच्या वाटेवर एकमेकांना पाणी देतात, तेव्हा तेही आईला स्तोत्रच वाटत असेल.

या मंदिरातील किरणोत्सवही हेच सांगतो. आईचे मुख पश्चिमेस आहे. ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी, तसेच ९, १० व ११ नोव्हेंबर या रूढ तारखांना मावळतीची किरणे महाद्वाराकडून गाभाऱ्यात येतात आणि क्रमाने चरण, मध्यभाग व मुख यांना स्पर्श करतात. परंतु आकाशात ढग असले किंवा किरणांच्या वाटेत काही आडवे आले, तर ती मुखापर्यंत पोहोचत नाहीत. सूर्यही तोच असतो आणि आईही तीच. मधली वाट तेवढी मोकळी हवी. आपल्या मनातील जुना राग हाही असाच वाटेतला अडथळा नव्हे काय?

उदार दात्यांनाही एक विनंती. आपल्या द्रव्याने अन्नदान घडते, यात्रेकरूंची सोय होते. हे पुण्य मोठेच आहे. त्यासोबत एक दान आणखी करावे. दुरावलेल्या आप्ताला वा मित्राला त्याचा मान परत द्यावा. त्यासाठी पावती लागत नाही. केवळ त्याच्या दारापर्यंत जावे लागते.

भाविकहो, सवड असेल तर दर्शनानंतर टेंबलाईच्या टेकडीवर अवश्य जावे. एकटे न जाता सोबत्यांसह जावे आणि तेथे घटकाभर बसून, आपल्या आयुष्यातील त्र्यंबुली कोण, ते आठवावे. गावी परतल्यावर अंगारा-प्रसाद घेऊन प्रथम त्याच घरी जावे. दार उशिरा उघडले तरी उभे राहावे. सखीची समजूत काढायला साक्षात जगदंबा टेकडी चढून गेली, हे स्मरणात असावे.

आई अंबाबाई आपणा सर्वांस अशी सद्बुद्धी आणि सत्संग देवो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥